सी ड्राइव्ह लाल झाला तेव्हा

माझ्या लॅपटॉपची डिस्क ५१२ जीबीची. विंडोज तेच माप १०२४ च्या हिशोबाने मोजतं, म्हणून ४७६ दिसतात. दुकानदाराने त्यातले जेमतेम १०० जीबी सी ड्राइव्हला दिले, बाकी सगळे डीला. दोन वर्षांत सी भरत येऊन लाल झाला आणि विंडोजचे अपडेट अडकू लागले.

आधी टेम्पररी फाइल्स काढल्या, पॉवरसीएफजी या कमांडने हायबरनेशन (बंद होताना चालू काम डिस्कवर साठवून ठेवणं) बंद केलं. काही जीबी सुटले आणि महिन्याभरात पुन्हा भरले. मग विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट हे साधन उघडून डीवर राइट क्लिक केलं, ड्राइव्ह लहान करणारं श्रिंक व्हॉल्यूम निवडून १,२२,८८० एमबी, म्हणजे १२० जीबी, मोकळे केले. जागा झाली, तिची काळी पट्टीही दिसली. पण सीवर ड्राइव्ह वाढवणारं एक्स्टेंड व्हॉल्यूम धूसरच, दाबताच येईना!

यातच माझी अख्खी संध्याकाळ गेली. श्रिंक केल्यावर जागा सुटते ती त्या ड्राइव्हच्या शेवटाला, आणि डिस्क मॅनेजमेंट सीला वाढवतं ते फक्त लगेच उजवीकडे चिकटून असलेल्या मोकळ्या जागेत. माझी जागा डीच्या पलीकडे होती. शेत आपलंच, पण मध्ये दुसऱ्याचा बांध.

डी सरकवून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. मात्र ती सगळा डेटा उचलून पुढे मांडतात आणि मध्येच वीज गेली तर काय उरेल याची खात्री नाही. डीमध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या आता कुठेच पुन्हा मिळणार नाहीत. म्हणून लांबचा रस्ता धरला. डीमधला ९० जीबी डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवला, ओव्या एकेक लावून ऐकल्या, फोल्डरांची साइज ताडून पाहिली. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवली. हे प्रत्येकाने आधीच करावं.

मगच चार्जर लावून डीवर डिलीट व्हॉल्यूम दाबलं. हात थांबला होता, खरं सांगते. सीवर एक्स्टेंड आता उजळलं होतं. १२० जीबी दिले, काही सेकंदांत काम झालं. रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्त करायला राखून ठेवलेला डिस्कचा भाग, माझ्याकडे डीच्या नंतर होतं, त्याला धक्काही लावला नाही. ज्यांच्याकडे ते सीला लागूनच असतं, त्यांची वाट एवढ्याने मोकळी होत नाही.

उरलेल्या जागेत नवा व्हॉल्यूम केला आणि अक्षर पुन्हा डीच दिलं, त्यामुळे जुने शॉर्टकट तसेच चालले. रात्री डेटा परत चढवला आणि पहिली ओवी लावली. आवाज स्वच्छ होता. बाहेरच्या डिस्कवरची प्रत मी अजून पुसलेली नाही.