हॅनोवरमधली बकुळची शाळा

आमची कुत्री बकुळ घरी येण्याआधी मला लेखी परीक्षा द्यावी लागली. आम्ही राहतो ते हॅनोवर जर्मनीच्या नीडरझाक्सन राज्यात येतं. 1 जुलै 2013 पासून इथे पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला कुत्र्यांविषयी आपल्याला काय कळतं हे दाखवावं लागतं. लेखी परीक्षा कुत्रा आणण्याआधी द्यायची आणि प्रात्यक्षिक पहिल्या वर्षाच्या आत. कुत्रा सहा महिन्यांचा झाला की चिप, नोंदणी आणि विमाही लागतो. त्याच्यामुळे कुणाला इजा झाली तर किमान 5 लाख युरोंपर्यंत भरपाई मिळेल असा विमा हवा. नगरपालिकेचा कुत्र्यावरचा कर वेगळाच. भारतातल्या मैत्रिणींना हे ऐकून जाच वाटतो. मला आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच आज लिहायचं आहे.

अभ्यास करताना एक प्रश्न आला होता. लहान मूल कुत्र्याला मिठी मारतंय, कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, तोंड दुसरीकडे वळवतो. तो काय सांगतोय? मी झोप येतेय असं उत्तर देऊन मोकळी झाले असते. खरं उत्तर असं की तो अवघडलाय आणि सुटका मागतोय. लहानपणापासून कुत्रे बघत आले, तरी हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

बकुळ ऑक्टोबरात आली. रुमानियातल्या रस्त्यावरून एका संस्थेनं उचललेली, दोन-अडीच वर्षांची, तपकिरी, मध्यम चणीची. पहिले दहा दिवस इतकी गप्प की आम्हाला वाटलं, किती गुणी कुत्री मिळाली. ती भेदरलेली होती हे नंतर समजलं. अकराव्या दिवशी समोरून एक पूडल आलं आणि बकुळ मागच्या पायांवर उभी राहून, लीश तुटेल इतकी ताणून, घसा बसेस्तोवर भुंकली. त्यानंतर रोज तेच.

बागेत नेहमी भेटणाऱ्या एका गृहस्थांनी उपाय सांगितला. भुंकली की लीशला जोरात हिसका द्या, घरी नेऊन उताणी पाडा, मालक कोण ते तिला कळू द्या. उताणं पाडण्याचं धाडस मला झालं नाही, पण हिसके दिले. तीन आठवडे दिले. हे लिहितानाही वाईट वाटतंय. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा नजरेला पडायच्या आतच, कुठूनतरी पट्ट्याच्या बिल्ल्याचा किणकिणाट ऐकू आला तरी ती भुंकायला लागली.

मग आम्ही रीतसर शिकवणी लावली. इथे दुसऱ्यांच्या कुत्र्यांना शिकवण्याचा व्यवसाय करायचा तर ऑगस्ट 2014 पासून प्राणिसंरक्षण कायद्याखाली परवाना लागतो, कुणीही उठून पाटी लावू शकत नाही. आमच्या प्रशिक्षक बाई साठीच्या आसपासच्या आहेत. पहिल्या तासाला त्यांनी बकुळला हातही लावला नाही, नुसतं दुरून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही तिला शिकवताय, आणि ती शिकतेय. कुत्रा दिसला की मान दुखते, हे तिनं पक्कं शिकलंय."

पाव्हलोव्हचे प्रयोग आपण सगळेच शाळेत वाचतो: खाण्याआधी दर वेळी घंटा ऐकवली की पुढे नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या हातातली लीश तेच काम करत होती, ते मात्र लक्षात आलं नव्हतं. बकुळ चिडून भुंकत नव्हती, घाबरून भुंकत होती. समोरच्यानं लांब राहावं म्हणून तिचा तो आरडाओरडा होता. त्यात मी हिसका दिला की तिची भीती खरी ठरायची. शिक्षेनं भुंकणं घटकाभर दबतंही, म्हणून तर माणसं शिक्षा करत राहतात. भीती मात्र आत तशीच राहते, उलट मुरते.

"मालक कोण ते दाखवा" हा विचार आला कुठून, तेही बाईंनी सांगितलं. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानं 1947 मध्ये प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात ठेवलेले, त्यामुळे मारामाऱ्या आणि वर्चस्वाची चढाओढ चाले. पुढे तेच चित्र सगळ्या लांडग्यांना आणि मग कुत्र्यांनाही लावलं गेलं. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेच यांनी स्वतः 1970 मध्ये ही कल्पना मांडली होती. रानातल्या लांडग्यांजवळ वर्षानुवर्षं राहिल्यावर 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे पुढारी म्हणजे घरातलं मोठं माणूस. एवढ्या मोठ्या अभ्यासकानं आपलं जुनं मत जाहीरपणे बदललं याचं मला फार कौतुक वाटतं. तरी बागेतल्या गृहस्थांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. कायदा मात्र पुढे गेलाय. विजेचा झटका देणारे पट्टे वापरायला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं 2006 मध्येच मनाई केली, आणि 1 जानेवारी 2022 पासून शिकवताना काटेरी पट्टा वापरणंही बंद झालं.

तर उपाय काय? अंतर. तो ऐकायला इतका साधा की मला आधी पटेना. किती लांबचा कुत्रा दिसला तर बकुळ बघते पण भुंकत नाही, ते आधी शोधायचं. तिचं अंतर निघालं चाळीस पावलं. आयलेनरीडं हे शहराच्या मधोमध पसरलेलं सुमारे 640 हेक्टरचं जंगल आमच्या घराजवळ आहे. तिथल्या रुंद वाटांवर मी आणि बकुळ उभ्या राहायचो. लांब कुत्रा दिसला, तिनं पाहिलं, की त्याच क्षणी "वा!" म्हणायचं आणि उकडलेल्या कोंबडीचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. ती शहाण्यासारखी वागली म्हणून बक्षीस, असं सुरुवातीला नसतंच. कुत्रा दिसला की काहीतरी चांगलं घडतं, एवढंच तिच्या मनात बसवायचं. कुत्रा दिसेनासा झाला की खाऊही बंद.

यात सगळी गंमत वेळेची आहे. "वा!" एका सेकंदाच्या आत यायला हवं. मी पिशवीत तुकडा चाचपडत राहिले आणि तोवर तिनं मान वळवून जमीन हुंगली, तर बक्षीस जमीन हुंगण्याला गेलं. म्हणून आधी शब्द, मग हात खिशात. बाईंनी मला आठवडाभर कुत्र्याशिवायच सराव करायला लावला. त्या चेंडू उडवायच्या आणि तो जमिनीला टेकताक्षणी मी "वा!" म्हणायचं.

नाताळपर्यंत चाळिसाची पंचवीस पावलं झाली. मग एक दिवस एक मोकळा सुटलेला लॅब्रॅडॉर थेट अंगावर धावून आला, मालक मागून "काही करत नाही तो!" म्हणून ओरडतोय, आणि आम्ही पुन्हा चाळिसावर. त्या रात्री मी रडले. बाईंनी शांतपणे पुन्हा चाळिसापासून सुरू करायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला पंचविसावर यायला तीनच आठवडे लागले.

शब्दांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बकुळशी मराठीतच बोलायचं असं आम्ही ठरवलं होतं. नवरा म्हणायचा "बस", मी म्हणायची "खाली बस", आणि मुलगा म्हणायचा "बस ना गं". त्यात आपण मराठी माणसं दिवसभरात "बस्स झालं", "बस, एवढंच" किती वेळा म्हणतो! मी फोनवर "बस" म्हटलं की बिचारी स्वयंपाकघरात टेकायची, कुणी तिच्याकडे बघायचंही नाही. महिन्याभरात त्या शब्दाला अर्थच उरला नाही. बाईंना मराठी येत नाही, पण त्यांनी हे ऐकूनच ओळखलं. भाषा कुठलीही चालेल, म्हणाल्या, पण शब्द सगळ्यांचा एकच हवा, रोजच्या बोलण्यात न येणारा हवा, आणि एकदाच उच्चारायचा. तेव्हापासून बसण्यासाठी जर्मन "झिट्स" आणि बाकी "ये", "सोड", "थांब" मराठीत. फ्रीजवर यादी चिकटवली. ती बकुळसाठी नव्हती हे सांगायला नको.

जानेवारीत आई आली, तीन महिन्यांसाठी. जेवताना बकुळ टेबलाशी येऊन बघत बसायची. आम्ही ती सवय जवळजवळ मोडत आणली होती. आई मात्र चार-पाच दिवसांतून एकदा गुपचूप ताटातला तुकडा द्यायची. "अगं, एखाद्या वेळी दिलं तर काय होतं? किती आशेनं बघते!" आईला दुखवायचं नव्हतं, पण अडचण त्या "एखाद्या वेळी"तच आहे. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली तर कुत्रा लवकर नाद सोडतो. कधीतरी मिळणाऱ्या गोष्टीसाठी तो महिनोन्‌महिने वाट बघतो, कारण आज मिळेल की नाही हे त्याला ठाऊक नसतं. आईला हे असं सांगितलं, तर तिला लगेच पटलं. मग आम्ही चौघांनी एकदम बंद केलं, आणि पहिले चार दिवस बकुळ आधीपेक्षा जास्त केकाटली. टेबलावर पंजे टाकले, आईच्या मांडीवर डोकं आपटलं. तेव्हा उपाय चुकतोय असं वाटून माणसं हार मानतात. खरं तर सवय सुटण्याआधी ती एकदा उसळतेच. त्या उसळीत एक तुकडा दिला असता, तर जोरात केकाटलं की मिळतं हेच ती शिकली असती. पाचव्या दिवशी ती आपल्या गादीवर जाऊन पडली. आईनं लगबगीनं उठून तिथे तिच्या पंजापाशी तिचा खाऊ ठेवला, आणि आता गादी ही तिची जेवणवेळची जागा आहे. नुसतं "नको" शिकवून भागत नाही, मग कुठे जाऊ तेही शिकवावं लागतं.

पाहुण्यांवर उड्या मारणंही असंच सुटलं: चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड.

यापुढचं मुलांच्या आईबापांनी जरूर वाचावं. मार्चमध्ये बकुळ चघळायचं हाड घेऊन बसली होती, मुलगा जवळ गेला आणि ती गुरगुरली. नवरा तिच्यावर ओरडला. माझ्याही पोटात गोळा आला. बाईंना फोन केला, तर त्यांनी आधी विचारलं, "गुरगुरली, की चावली?" गुरगुरली फक्त. "मग तिनं फार चांगलं केलं. तिनं बोलून सांगितलं." गुरगुरण्याबद्दल शिक्षा दिली की कुत्रा गुरगुरणं सोडतो, हाडाची काळजी सोडत नाही. असा कुत्रा पुढे कधीतरी न सांगता चावतो आणि लोक म्हणतात, अचानक चावला. आम्ही मुलाला लांब राहायला शिकवलं. बकुळला आम्ही मोठ्यांनी शिकवलं. तिच्या बाजूनं जाताना काही हिसकावायचं नाही, उलट हाडापेक्षा चांगलं काहीतरी लांबूनच टाकून पुढे जायचं, रोज थोडं जवळून. आता मी जवळ गेले की तीच हाड सोडून वर बघते.

एकटं राहण्याचं दुखणं सगळ्यात चिवट निघालं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती. तक्रारीचीच होती, पण त्यात भुंकते असं नव्हतं. "तुमची कुत्री एकटी असताना रडते," एवढंच लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. घरात कॅमेरा लावून पाहिलं, तर आम्ही निघाल्यापासून बकुळ दारापाशी उभी, धापा टाकत. मग सेकंदांपासून सुरुवात. दाराच्या मुठीला हात लावून परत. दार उघडून परत. पाच सेकंद बाहेर, दहा, पुन्हा पाच. ती अस्वस्थ व्हायच्या आत परतायचं, आणि तोवर तिला खरोखर एकटं कधीच ठेवायचं नाही. चार महिने नवरा आणि मी कामाच्या पाळ्या लावून घेतल्या, दोन लग्नांना एकेकटेच गेलो. आता ती अडीच तास झोपून काढते. आजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मला कळलंच होतं.

प्रात्यक्षिक परीक्षा ऑगस्टमध्ये झाली, पास झालो. परतताना बाईंनी सांगितलं की अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची जगातली पहिली शाळा याच राज्यात, ओल्डेनबुर्गमध्ये 1916 साली निघाली, पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी. अशा कुत्र्याला एक गोष्ट मुद्दाम शिकवतात: मालकानं "चल" म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल, तर ऐकायचं नाही. ते ऐकून मी बराच वेळ गप्प होते. बकुळनं ऐकावं एवढंच मी वर्षभर मनात धरून बसले होते.

आता एप्रिल लागलाय. पक्षी-प्राण्यांच्या विणीचा हंगाम म्हणून 1 एप्रिल ते 15 जुलै इथे रानात प्रत्येक कुत्रा लीशवरच हवा, त्यामुळे अंगावर कुणी धावून येत नाही आणि आमचा सराव निवांत होतो. काल तेच पूडल आठ पावलांवरून गेलं. बकुळनं त्याच्याकडे पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडे. मी "वा!" म्हटलं, जरा मोठ्यानंच. सायकली मात्र अजून जमत नाहीत. त्यांच्यासाठी तिचं अंतर तीस पावलं आहे. उद्या सकाळी आम्ही कालव्याकाठच्या सायकलवाटेपासून पस्तीस पावलांवर जाऊन उभ्या राहणार आहोत. कोंबडी आताच उकडत ठेवली आहे.