लोकसुनावणीत नोंदवला गेलेला एक प्रश्न

आमच्या वाडीजवळच्या आसवनी (मद्यार्क बनवणाऱ्या) प्रकल्पाच्या विस्तारासाठी पर्यावरणविषयक जाहीर लोकसुनावणी होणार असल्याची नोटीस मी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा हातात तीस दिवस होते. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाबाबतच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार किमान तेवढी मुदत द्यावीच लागते.

प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा ग्रामपंचायतीत ठेवलेला मराठी सारांश वाचून शंका घ्यावी असे काही दिसले नाही. पूर्ण अहवाल इंग्रजीत होता व तो जिल्हाधिकारी कार्यालयातच बसून पाहावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यातील एका तक्त्यावर माझी नजर थांबली : दहा किलोमीटर परिघातील ज्या विहिरींच्या पाण्याचे नमुने घेतले होते, त्यांत उताराकडील आमच्या वाडीची एकही विहीर नव्हती. सांडपाणी साठवण्याचे तळे मात्र वाडीच्याच बाजूला दाखवले होते. मी तक्त्याच्या पृष्ठक्रमांकासह लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दिली आणि तिची पोच घेतली.

सुनावणीला अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष होते आणि चित्रीकरण चालू होते. कंपनीच्या सादरीकरणानंतर बहुतेक जण केवळ पाठिंबा किंवा विरोध जाहीर करून खाली बसले. तेथे मतदान होत नाही, गणपूर्तीचीही (किमान उपस्थितीची) अट नसते. त्यामुळे घोषणांचा जोर कितीही असला तरी पुढे जाते ते कागदावर उतरलेलेच, हे मला त्या दिवशी नीट कळले. वाडीच्या विहिरी का तपासल्या नाहीत, असे मी विचारले; त्यावर 'नियमानुसार सर्व काळजी घेतली जाईल' असे उत्तर आले.

शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा वाचून दाखवण्यात आला, तोवर मंडप निम्मा रिकामा झाला होता. त्यात माझा प्रश्न 'पाण्याबाबत चिंता व्यक्त केली' एवढाच उरला होता. मी उठून विहिरींचा व तक्त्याचा उल्लेख जसाच्या तसा घालण्याची विनंती केली. थोडी कुजबुज झाली, कोणीतरी उशीर होत असल्याचे सुनावलेही. परंतु अध्यक्षांनी वाक्य दुरुस्त करून घेतले आणि मगच सही केली.

कंपनीला अंतिम अहवालात या मुद्द्याचे लेखी उत्तर द्यावे लागले. मंजुरी मिळाली, पण वाडीतील दोन विहिरींची नियमित तपासणी करण्याची अट तिच्यात आली. आता सहामाही अनुपालन अहवालात (अटी पाळल्या का, हे सांगणाऱ्या कंपनीच्या अहवालात) त्या विहिरींचे आकडे येतात का, याकडे आमचे लक्ष आहे.