कुणाला तरी भेटतेय

मी पुण्यात भाषांतराचं काम करते, 17 वर्षं झाली. पुस्तकं वगैरे नाही, कागद. जन्मदाखले, खरेदीखतं, मृत्युपत्रं, परदेशी निघालेल्यांचे लग्नाचे दाखले आणि कोर्टात लावायचे कागद. शिवाजीनगर कोर्टापासून चालत पाच मिनिटांवर एक खोली आहे, तिथे मी, एक प्रिंटर आणि दुपारी टायपिंगला येणारी एक मुलगी, एवढाच पसारा. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझ्याकडे अर्ध्या पानाचा एक कागद आला, तो अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. ओळख पटेल असं सगळं बदललंय. केस अजून चालू आहे, तिच्या निकालाबद्दल मी काही बोलणार नाही.

पोटगीचा अर्ज होता, बायकोने केलेला. नवऱ्याकडून जे लेखी म्हणणं आलं ते मराठीत होतं आणि त्याला जोडून बायकोच्या व्हॉट्सअॅप मेसेजचं प्रिंटआउट. तिचा जुना फोन सासरी राहिला होता, त्यातून काढलेले, मैत्रिणीला पाठवलेले पाच-सहा मेसेज, सगळे इंग्रजीत, आणि खाली त्यांनी कुणाकडून तरी करून घेतलेलं मराठी भाषांतर. तिच्या वकील मॅडमनी सकाळी दहाला फोन केला, म्हणाल्या ताई, आज संध्याकाळपर्यंत याचं दुसरं भाषांतर पाहिजे, उद्या डेट आहे.

मूळ इंग्रजी असं होतं (देवनागरीत लिहिते): ‘बीन सीइंग समवन सिन्स फेब. एव्हरी ट्यूजडे. डोन्ट टेल बाबा प्लीज, ही वोन्ट अंडरस्टँड. आय फील लायटर आफ्टरवर्ड्स. माय पार्टनर कव्हर्स फॉर मी.’

आणि त्यांचं मराठी असं: ‘फेब्रुवारीपासून माझे एका पुरुषाशी संबंध आहेत. दर मंगळवारी. बाबांना सांगू नकोस, ते समजून घेणार नाहीत. त्यानंतर मला हलके वाटते. माझा जोडीदार मला सांभाळून घेतो.’

मी दोन्ही परत परत वाचलं. आधी राग आला, मग राग बाजूला ठेवला, कारण खरं सांगायचं तर हे भाषांतर करणाऱ्याने मुद्दाम खोटं लिहिलं असं म्हणता येत नाही. ‘सीइंग समवन’चा तो अर्थ होतोच ना. इंग्रजीत कुणाशी प्रेमाचं काही चालू असेल तर ‘आयॅम सीइंग समवन’ म्हणतात, आणि कुणी काउन्सेलरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असेल तरी हेच तीन शब्द. डॉक्टरला ‘सी’ करतात, वकिलाला ‘सी’ करतात, ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाही ‘सी’च करतात. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसालासुद्धा पुढचं-मागचं ऐकल्याशिवाय कळणार नाही, तो विचारेल, म्हणजे डेट करतेयस की थेरपी घेतेयस? इंग्रजी असं दार अर्धं उघडं ठेवून मोकळं होतं. आणि या गृहस्थाने ते दार ढकलून आत जाऊन तिथे एक पुरुष बसवून ठेवला. मूळ वाक्यात पुरुष कुठेच नाही, ‘समवन’ला ना बाई ना पुरुष.

आणि ‘संबंध’! हा शब्द आपल्या मराठीत किती जड झालाय बघा. ‘आमचे संबंध चांगले आहेत’ म्हटलं की शेजारधर्म, आणि ‘त्याचे तिच्याशी संबंध आहेत’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते. तो शब्द एकदा बसला की पुढचं ‘हलके वाटते’ हे वाक्य कसं वाचलं जाईल ते मी वेगळं सांगायला नको.

यात फक्त अब्रूचा प्रश्न नव्हता. पोटगीच्या कायद्यात (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 125 कलम, 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 144) बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी मिळत नाही असं स्पष्ट लिहिलंय. आता एखादी चूक म्हणजे ‘व्यभिचारात राहणं’ होत नाही असं कोर्टांनी अनेकदा सांगितलंय, पण फेब्रुवारीपासून, दर मंगळवारी, असं म्हटल्यावर? समोरच्यांना नेमकं तेच दाखवायचं होतं. तिच्या लहान मुलाच्या पोटगीला ही अट लागत नाही, पण त्या बाईचा स्वतःचा महिन्याचा खर्च एका ‘सीइंग’वर येऊन थांबला होता.

मी वकील मॅडमना फोन केला आणि म्हटलं, खरं काय आहे ते मला सांगू नका. त्या चकित झाल्या. पण मला ते माहीतच नको होतं, माहीत असलं की हात वळतो. ती काउन्सेलरकडे जात होती हे मला आधी कळलं असतं तर मी सरळ ‘मी समुपदेशकाकडे जाते’ असं लिहिलं असतं, आणि मग त्या पहिल्या भाषांतरकारात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्याने एक दार बंद केलं, मी दुसरं केलं असतं.

तर ते दोन्हीकडून उघडं राहील असं मराठी शोधायला बसले. ‘कुणाला तरी भेटतेय’ हे बरं वाटलं, ‘कुणाला’मध्ये लिंग येत नाही आणि माणूस डॉक्टरलाही भेटतो. ‘कुणाकडे तरी जातेय’ही लिहून बघितलं, पण ते डॉक्टरकडे जास्त झुकतं, खोडलं.

खरी अडचण झाली ‘पार्टनर’ची. हा शब्द तर कहर आहे. धंद्यातला भागीदार पार्टनर, बॅडमिंटनमधला पार्टनर, होस्टेलच्या खोलीतला रूम पार्टनर, लग्नाशिवाय सोबत राहणारा पार्टनर आणि आता तर नवरा-बायकोही एकमेकांना पार्टनर म्हणतात. माझ्याकडे व्हिसाचे कागद येतात त्यात हाच शब्द कायद्याचं माप लावून येतो, कॅनडाला ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणवून घ्यायला निदान वर्षभर सलग एकत्र राहिल्याचं दाखवावं लागतं, ब्रिटनच्या ‘अनमॅरिड पार्टनर’ला दोन वर्षांचं नातं. त्या फायलींत पार्टनर म्हणजे कोण हे ठरलेलं असतं. या मेसेजमध्ये काहीच ठरलेलं नव्हतं, आणि मराठी तर क्रियापद लिहिल्याबरोबर विचारते, घेतो की घेते? आपल्या भाषेत या प्रश्नातून सुटका नाही. ‘माझा पार्टनर’ लिहिलं तर पुरुष, ‘माझी’ लिहिलं तर बाई.

मग लक्षात आलं की ‘माझ्या’ दोघांनाही चालतं, पुढे प्रत्यय लागला की ‘माझ्या पार्टनरकडून’ यात कळत नाही बाई आहे का पुरुष. मग वाक्य तसं वळवलं: ‘माझ्या पार्टनरकडून माझी वेळ निभावून नेली जाते.’ जरा अवघडलेलं मराठी आहे, मान्य आहे, बोलताना असं कुणी म्हणणार नाही. पण ‘कव्हर्स फॉर मी’मध्ये दुकान सांभाळणं आणि थाप मारून वाचवणं दोन्ही येतात, आणि ‘वेळ निभावून नेणं’मध्येही दोन्ही बसतात. या एका ओळीला माझे पावणेदोन तास गेले.

खाली भाषांतरकाराची टीप लिहिली, की मूळ शब्दप्रयोगाचे इंग्रजीत किमान दोन प्रचलित अर्थ आहेत, एक प्रेमसंबंधाचा आणि दुसरा डॉक्टर वा समुपदेशकाकडे नियमित जाण्याचा, केवळ या मजकुरावरून यातला कोणता ते सांगता येत नाही, आणि मूळ मजकुरात व्यक्तीचं लिंग नमूद नाही. तसंच ‘पार्टनर’बद्दल. सही-शिक्का मारला.

मधल्या वेळात टायपिंगवाली मुलगी, वीस-एकवीसची असेल, ती म्हणाली, मॅडम, आमच्यात तर ‘प्रपोज केलं’ म्हणजे फक्त आवडतेस असं सांगितलं. हो ना, आणि इंग्रजीत ‘प्रपोज’ केलं म्हणजे लग्नाचंच विचारलं. कॉलेजमधल्या पोराच्या ‘प्रपोज मारला’चं सरळ इंग्रजी केलं तर तिकडचा माणूस समजेल की याने अंगठी पुढे केली! ‘अफेअर’चंही तसंच, आपल्याकडे ‘लग्नाआधी त्यांचं अफेअर होतं’ असं आपण कौतुकानेसुद्धा म्हणतो, इंग्रजीत अफेअर म्हटलं की बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नाला दगा. आणि तोच शब्द परराष्ट्र खात्याच्या पाटीवरही असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत ‘मेकिंग लव्ह’ म्हणजे नुसतं प्रेमाचं बोलणं होतं, आज कुणी तसं वाचेल का? ‘मिस्ट्रेस’ म्हणजे घरची मालकीण, शाळेतली बाई, त्यातूनच ‘मिसेस’ आलं, आणि तोच शब्द ठेवलेल्या बाईसाठी. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये निकालपत्रांतल्या बायकांविषयीच्या भाषेवर एक पुस्तिका काढली, त्यात मिस्ट्रेस, कीप हे शब्द वापरू नका असं सांगितलंय, अफेअरऐवजीही ‘विवाहबाह्य नातं’ अशा अर्थाचं साधं वर्णन सुचवलंय. मला ती पुस्तिका फार महत्त्वाची वाटते, तिथे कुणीतरी एकेका शब्दापाशी थांबलंय.

असो. संध्याकाळी पाचला कागद न्यायला वकील मॅडमचा माणूस येणार होता, त्याऐवजी ती मेसेजवाली बाई स्वतःच आली आणि बरोबर तिचे वडील. ती दारातच थांबली, बाहेर जिन्यात. वडील आत आले. साताऱ्याकडचे, एसटीत कंडक्टर होते, रिटायर झालेले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याच्या म्हणण्याची झेरॉक्स, आणि त्या भाषांतराच्या ओळींखाली बॉलपेनने रेघ मारलेली, एवढी दाबून की कागद मागून फुगला होता.

“मॅडम, मला इंग्रजी तिकिटापुरतं येतं,” म्हणाले. “हे मी मराठीत वाचलं. तीन आठवडे झाले, मी पोरीशी बोललो नाही. वकीलबाई म्हणतात भाषांतर चुकलंय. तुम्ही सांगा, मूळ कागदावर काय लिहिलंय?”

तीन आठवडे. एकाच घरात, ती माहेरी येऊन राहिलेली, आणि बाप बोलत नाही. भाषांतर कोर्टात जाण्याआधी या माणसाच्या जेवणाच्या ताटापर्यंत गेलं होतं, त्याचा मी सकाळपासून एकदाही विचार केला नव्हता.

मी म्हटलं, “काका, तुमच्या मुलीला काय म्हणायचं होतं ते मी सांगू शकत नाही, मला माहीत नाही. शब्द काय आहेत तेवढं सांगते.” आणि एकेक शब्दावर बोट ठेवून सांगितलं. हा ‘सीइंग’, म्हणजे बघणं, भेटणं. इंग्रजीत प्रेमाच्या माणसाला भेटणाऱ्यालाही असं म्हणतात आणि डॉक्टरकडे दर आठवड्याला जाणाऱ्यालाही. हा ‘समवन’, यात बाई का पुरुष ते नाही. हा ‘पार्टनर’.

“पार्टनर म्हणजे भागीदारच की,” ते लगेच म्हणाले. “हिची मैत्रीण आहे ना, दोघींचं कपड्यांचं दुकान आहे. भागीदारीचा कागद मीच करून दिला, स्टॅम्प मी आणला.”

मी गप्प बसले. ते परत कागदाकडे बघत राहिले, ओठ हलवत, मराठी ओळ वाचतायत, मग इंग्रजी ओळीवरून नुसतं बोट फिरवतायत.

“डॉक्टरला पण हेच म्हणतात?”

“हो काका.”

“कसला डॉक्टर, दर मंगळवारी लागतो तो?”

मी म्हटलं, ते तिलाच विचारा.

त्यांनी तिला हाक मारली. ती आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांनी विचारलं, सरळ, माझ्यासमोरच. तिला आधी बोलता येईना. मग म्हणाली, “समुपदेशक आहेत, बाबा. रात्रभर झोप लागत नव्हती, दुकानात बसल्या बसल्या रडू यायचं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता वेड्यांचा डॉक्टर कशाला पाहिजे.”

ते काही बोलले नाहीत. पावसाचा आवाज येत होता, प्रिंटर चालू राहिला होता तो मी बंद केला. त्यांनी झेरॉक्सची चार घड्या घालून पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली, परत सोडली, परत मारली.

“किती वाजता असतं मंगळवारचं?”

“साडेपाच.”

“पोराला कुठं ठेवतीस तेव्हा?”

“दुकानात. तिच्याजवळ.”

“दुकानात नको, गिऱ्हाइकं असतात,” म्हणाले. “मंगळवारी मी घेत जाईन त्याला.”