तुम्ही विचारलंत म्हणून: मीच लिहिलेल्या प्रोग्रामकडून मी का हरते?

मी ऑथेलो खेळणारा एक प्रोग्राम लिहिलाय हे कळलं की लोक आधी विचारतात, ‘‘मग हरवता का त्याला?’’ नाही म्हटलं की क्षणभर थांबतात आणि मग खरा प्रश्न येतो: ‘‘पण शिकवलंत तर तुम्हीच ना? मग त्याला तुमच्याहून जास्त कसं येतं?’’ माझा भाचा याहून रोखठोक आहे. ‘‘मावशी, तूच लिहिलास ना? मग तुलाच जिंकू देईल असा लिही की.’’

तसा एकदा चुकून लिहिलाही होता. ते पुढे सांगते.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी: आठ बाय आठ घरांचा पट, एका बाजूने काळ्या आणि दुसऱ्या बाजूने पांढऱ्या अशा सोंगट्या. मध्यभागी चार मांडून सुरुवात. आपली सोंगटी अशी ठेवायची की तिच्या आणि आपल्याच दुसऱ्या एखाद्या सोंगटीच्या मध्ये समोरच्याच्या सोंगट्या सरळ रेषेत सापडतील. सापडलेल्या सगळ्या उलटून आपल्या होतात. काहीच उलटत नसेल तर पास. शेवटी ज्याच्या सोंगट्या जास्त तो जिंकला. दोन मिनिटांत शिकता येतो, आणि त्यामुळेच मला वाटलं होतं की प्रोग्राम दोन शनिवार-रविवारांत होईल.

पहिला महिना त्याला नुसते नियम कळण्यात गेला. पट 64 घरांचा आणि संगणकाची एक संख्याही 64 बिटांची, म्हणजे 64 शून्य-एकांची, त्यामुळे एका संख्येत सगळ्या काळ्या सोंगट्या आणि दुसरीत सगळ्या पांढऱ्या मावतात. याला बिटबोर्ड म्हणतात. संख्या एका बिटाने सरकवली की पटावरच्या सगळ्या सोंगट्या एकदम शेजारच्या घरात जातात. कुठे काय उलटेल हे शोधायला ही फार वेगवान युक्ती आहे. फक्त एक गोष्ट मी विसरले. माझ्या डोळ्यांना पट चौकोनी दिसतो, पण त्याच्या लेखी ती 64 मण्यांची एक सरळ माळ आहे. ओळीतल्या शेवटच्या घराच्या उजवीकडे त्याला पुढच्या ओळीचं पहिलं घर दिसतं. म्हणजे माझा प्रोग्राम पटाच्या उजव्या कडेतून बाहेर पडून डाव्या कडेतून आत यायचा आणि तिथल्या सोंगट्या खुशाल उलटवायचा.

हे दहा-बारा डाव खेळून लक्षातही आलं नाही. सापडलं ते मोजणीत. सुरुवातीच्या मांडणीपासून पहिल्या खेळीला 4 पर्याय असतात, दोन खेळ्यांचे 12 क्रम होतात, तिनांचे 56, चारांचे 244, पाचांचे 1396. हे आकडे ठरलेले आहेत. आपल्या प्रोग्रामलाही तेच मोजायला लावायचं आणि ताडून पाहायचं. या चाचणीला पर्फ्ट म्हणतात. माझे सुरुवातीचे आकडे तंतोतंत जुळले, मी खूश. खोल गेल्यावर मात्र माझा आकडा थोडासाच जास्त येऊ लागला. थोडासाच, हे वाईट. पूर्ण चुकला असता तर सोपं होतं.

आता शिकवण्याकडे येते. असा प्रोग्राम विचार करतो म्हणजे दोन कामं करतो. एक, पुढे पाहणं: मी हे खेळले तर तो काय खेळेल, मग मी काय. दोन, जिथे पाहणं थांबवलं तिथल्या मांडणीला एक गुण देणं, बरी की वाईट. पुढे पाहणं हे यंत्राचं काम. मला वाटत होतं की गुण देणं हे माझं, कारण खेळ मला येतो आणि त्याला येत नाही.

म्हणून आधी सांगितलं, ज्याच्या सोंगट्या जास्त त्याची मांडणी चांगली. नियमच तसा आहे ना! तो असा हरायला लागला की बघवेना. अर्धा डाव होईस्तोवर पट त्याच्याच रंगाचा आणि शेवटच्या दहा खेळ्यांत सगळं उलटं. ऑथेलोत मधल्या डावात खूप सोंगट्या असणं हे बहुधा संकट असतं, कारण मग आपल्याला उलटवायला समोरच्याच्या उरतच नाहीत आणि खेळायला जागा राहत नाही. मला हे माहीत होतं. माहीत असलेलं लिहून काढताना सुचलं नाही, एवढंच.

मग प्रत्येक घराला किंमत दिली. कोपऱ्याला 100, कारण कोपऱ्यातली सोंगटी कधीच उलटत नाही. कोपऱ्याला तिरकं लागून असलेल्या घराला, ज्याला खेळाडू एक्स घर म्हणतात, उणे 50, कारण तिथे बसलात की समोरच्यासाठी कोपऱ्याचं दार उघडतं. कडांना थोडे गुण, मध्याला शून्याच्या आसपास. हा तक्ता म्हणजे माझी वर्षानुवर्षांची समज, नीट ओळीत मांडलेली. आणि प्रोग्राम ती अक्षरशः पाळायचा. कोपरा त्याच्याच ताब्यात असताना, म्हणजे एक्स घराची भीती संपलेली असताना, तो तरीही त्या घराला शिवायचा नाही. मी ‘सहसा’ म्हणत होते, त्याने ‘नेहमी’ ऐकलं. मी अपवाद घालत गेले, अपवादांना अपवाद, आणि कोड वाढत गेला तसा खेळ भित्रा होत गेला.

चिडून एका रात्री तो सगळा तक्ता काढून टाकला. कोपऱ्यांचे गुण तेवढे ठेवले आणि एकच नवी गोष्ट घातली: माझ्याकडे किती वैध खेळ्या आहेत वजा समोरच्याकडे किती. बास. ज्याच्याकडे खेळ्या कमी, त्याला कधीतरी नको तिथे खेळावंच लागतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला पाचपैकी चार डाव हरवलं. एक्स घराबद्दल त्याला कोणी काहीच सांगितलं नव्हतं, तरी तो ते टाळत होता, कारण दोन खेळ्या पुढे कोपरा जाताना त्याला दिसत होता. आणि जिथे जात नव्हता तिथे बिनधास्त बसत होता.

काढलेला तक्ता फेकला मात्र नाही, दुसरीकडे वापरला. पुढे पाहताना सगळं पाहावं लागत नाही. समजा एका खेळीने मला चार सोंगट्यांची आघाडी मिळते हे कळलंय. दुसरी तपासायला घेतली आणि समोरच्याच्या पहिल्याच उत्तराने मी दोनने मागे पडले. त्याच्याकडे याहून जालीम उत्तरं असतीलही. पण ती पाहण्यात काय अर्थ? खेळी बाद. याला अल्फा-बीटा म्हणतात आणि याची ताकद आकड्यांतच कळते: दरवेळी दहा पर्याय धरले तर आठ खेळ्या पुढे 10 कोटी शेवट होतात. पण प्रत्येक वेळी सर्वांत चांगली खेळी आधी तपासली गेली, तर त्यातले 20 हजारच पाहावे लागतात. अडचण इतकीच की चांगली खेळी कोणती हे आधी माहीत नसतं. तिथे माझा तक्ता बसवला: आधी कोपरे बघ, एक्स घरं शेवटी बघ. इथे माझं मत चुकलं तर थोडा वेळ वाया जातो, निर्णय बिघडत नाही. माझ्या मतांना याहून योग्य जागा मला अजून सापडलेली नाही.

आता ती चुकून लिहिलेली गोष्ट. एकदा मी गुण कायम काळ्याच्या बाजूने मोजले, आणि बाकीचा कोड मात्र ज्याची पाळी आहे त्याच्या बाजूने मोजतोय असं धरून चालला होता. काळ्याकडून खेळणाऱ्या प्रोग्रामला सहा खेळ्या पुढे पाहायला सांगितलं की उत्तम खेळायचा. सात सांगितल्या की पाहणं थांबतं तिथे पाळी पांढऱ्याची असते, त्यामुळे काळ्याचे गुण तो पांढऱ्याचे समजायचा आणि जीव तोडून मला जिंकवायला बघायचा. मी सातवर ठेवला होता. आठवडाभर जिंकत होते आणि माझा खेळ सुधारला असं सगळ्यांना सांगत होते.

त्यानंतर मी स्वतः त्याच्याशी खेळून त्याची परीक्षा घेणं बंद केलं. नवा कोड जुन्याशी खेळवायचा. यातही खाचखळगे आहेत. दोघेही ठरलेल्या रीतीने खेळणारे, त्यामुळे शंभर डाव लावले तरी तेच दोन डाव पन्नास-पन्नास वेळा होतात. म्हणून सुरुवातीच्या काही खेळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या आणि तीच मांडणी रंग बदलून दोनदा खेळवायची. एवढं करून नवा 54-46 ने जिंकला तर? काही नाही. बरोबरीचे दोघे शंभर डाव खेळले तरी पाच-दहा डावांचा फरक नुसत्या नशिबाने पडतो. हे कळेपर्यंत मी निदान चार ‘सुधारणा’ ठेवल्या होत्या ज्या सुधारणा नव्हत्याच. आता हजार डावांशिवाय विश्वास ठेवत नाही. रात्री लावून झोपते.

आणि मग गुण देण्याचं उरलंसुरलं कामही माझ्याकडून गेलं. प्रोग्राम स्वतःशीच हजारो डाव खेळला, आणि कडेवर व कोपऱ्यात अमुक आकृती असताना डाव शेवटी किती सोंगट्यांनी सुटला याचा हिशेब लावून त्याने किंमती स्वतःच बसवल्या. ही कल्पना माझी नाही. मायकेल बुरो यांचा लॉजिस्टेलो हा ऑथेलोचा प्रोग्राम याच वाटेने गेला आणि 1997 मध्ये त्याने तेव्हाचे जगज्जेते ताकेशी मुराकामी यांना 6-0 हरवलं. चेकर्स या पटावरच्या दुसऱ्या एका खेळाच्या बाबतीत, तो खेळणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या आर्थर सॅम्युअल यांनी तर 1959 मध्येच लिहून ठेवलं होतं की, लिहिणाऱ्यापेक्षा चांगलं खेळायला यंत्राला शिकवता येतं. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जन्माआधीचं आहे. तरी माझ्या किंमतींशेजारी त्याच्या किंमती ठेवून पाहिल्या तेव्हा थोडं लागलंच. कोपऱ्याबद्दल आमचं जमत होतं. कडेवरच्या कितीतरी आकृत्या, ज्या मी आयुष्यभर भक्कम समजत आले, त्यांना त्याने उणे गुण दिले होते.

शेवटाबद्दल तर बोलायलाच नको. पंधरा घरं रिकामी उरली की तो अंदाज करणं थांबवतो आणि सगळं शेवटपर्यंत मोजतो. मला त्या वेळी ‘बरं चाललंय’ असं वाटत असतं, आणि त्याला मी सहाने हरणार हे माहीत असतं. आता तर 2023 मध्ये हिरोकी ताकिझावा यांनी असा दावा मांडलाय की दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर 8 बाय 8 चा डाव बरोबरीत सुटतो. सहा बाय सहाच्या लहान पटाचा निकाल 1993 पासून माहीत आहे: दुसरा खेळाडू 20-16 ने जिंकतो. त्याने माझ्या खेळात काडीचा फरक पडलेला नाही.

भाच्यासाठी मी एक बदल केला. एकच खेळी पुढे पाहायची, त्यापलीकडे नाही, असा एक स्तर ठेवला. त्याच्याशी भाचा कधी जिंकतो, कधी हरतो. परवा मीही त्याच स्तरावर बसले, कोणी बघत नाही असं पाहून. 33-31 ने हरले. भाचा दारात उभा होता. म्हणाला, ‘‘मावशी, सातवर ठेवून बघ ना.’’