‘फोन करणे’ आहे, मग ‘फोनणे’ का नाही?

मी मराठी शिकवते आणि हौसेने एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली, कृत्रिम भाषा शिकले, हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. त्या भाषेत कुठल्याही नामाला प्रत्यय लावला की क्रियापद होतं म्हणे. मग मराठीला सारखं ‘करणे’ का लागतं? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

एस्पेरांतोबद्दलचं म्हणणं खरं आहे. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सात ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात नामाच्या शेवटी ‘ओ’ आणि क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘इ’. मार्तेलो म्हणजे हातोडा, मार्तेली म्हणजे हातोड्याने ठोकणे. क्रोनो मुकुट, क्रोनी मुकुट चढवणे. रेजो राजा, रेजी राज्य करणे. प्रत्यय एकच, पण हातोडा हे हत्यार, मुकुट ही कुणाला तरी घालायची वस्तू आणि राजा तर स्वतः कर्ता! हे नातं ‘इ’ सांगत नाही, ते आपण ओळखायचं. १९०७ साली पुढे आलेल्या इदो या सुधारित भाषेने म्हणूनच दोन नात्यांना दोन प्रत्यय दिले: हत्यार वापरायचं तर मार्तेलागार, वस्तू चढवायची तर क्रोनिझार.

पाणिनीने तर हे फार आधी हेरलं होतं. ‘श्येनायते काकः’, म्हणजे कावळा ससाण्यासारखा वागतो. ‘पुत्रीयति छात्रम्’, म्हणजे शिष्याला पुत्रासारखं वागवतो. तेच ‘पुत्रीयति’ एकटं आलं तर ‘स्वतःला पुत्र व्हावा अशी इच्छा करतो’ असाही अर्थ होतो. नामापासून झालेल्या अशा क्रियापदांना संस्कृतात नामधातू म्हणतात.

आणि मराठीत? अहो, घरभर आहेत. आंबा मोहरतो, भाकरी बुरसते, लोखंड गंजतं. आजी पितळी भांड्याची कल्हई उडाली की म्हणायची, यात ताक ठेवू नका, कळकेल, म्हणजे भांड्याच्या धातूने बिघडेल. त्या एका शब्दात भांडं, चव आणि ताकीद तिन्ही असायचं. मला सगळ्यात आवडतात ते ‘आळ’ आणि ‘आव’ हे प्रत्यय. लाटा फेसाळतात, पाय रक्ताळतात: ती वस्तू अंगभर पसरते. माणूस मात्र रागावतो, सुखावतो, त्याचे डोळे पाणावतात. हे आतून येतं. नियम काटेकोर नाही (‘हाताळणे’ बघा, तिथे हात पसरत नाही, तो काम करतो), पण कान बरोबर निवड करतो.

परके शब्दही आपण असेच मुरवले. फारसीतल्या ‘शर्म’वरून शरमणे आलं, ‘खर्च’चं खर्चणे झालं. तेव्हा ‘फोनणे’ला व्याकरणाची आडकाठी नाही. ‘करणे’ सोपं पडतं, कारण त्यात नातं ठरवावं लागत नाही. शब्द आहे तसा आणून उभा करायचा. त्याची सवय इतकी जडली आहे की ‘स्वीकारणे’ असताना आपण ‘स्वीकार करणे’ लिहितो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गेल्या वर्षी वर्गात एका मुलीने निबंधात लिहिलं, ‘दादा हल्ली पुरता मोबाइलावलाय.’ मी मुलांना विचारलं, ‘मोबाइलाळलाय’ म्हटलं तर? सगळा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणाला. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “बाई, त्याला मोबाइल फासलेला नाहीये, त्याच्या डोक्यात गेलाय.”