चार माणसांचा तंबू

काल संध्याकाळी गच्चीवर तंबू उभारून बघितला. मे महिन्यात महिनाभर गाडी घेऊन निघायचंय, त्याची रंगीत तालीम. खुंट्या गच्चीत ठोकणार कशा, म्हणून चार कोपऱ्यांना पाण्याने भरलेल्या बादल्या!

धाकटी साडेतीन वर्षांची. तिने चपला काढून तंबूच्या दाराशी नीट जोडून ठेवल्या. मग आत जाऊन उशा मोजल्या. चार.

"आजी कुठे झोपणार?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. नकाशा झाला, 5 किलोचा सिलिंडर झाला. रोज फार तर तीन-चार तास गाडी, दुपारच्या उन्हात तर नाहीच. काजवे मेअखेरीस दिसतात म्हणून भंडारदरा मुद्दाम शेवटी ठेवलं. ओआरएसची पाकिटंसुद्धा मोजून झाली. आईला मात्र आम्ही न विचारताच "तिला नाही झेपणार" म्हणून टाकलं होतं.

आई तिथेच वाळवण गोळा करत होती. "मी कुठे येतेय गं? कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

रात्री उशिरा बाहेर आलो, तर आई हॉलमध्ये नकाशा उघडून बसली होती. चष्मा लावून.

कुंड्यांना महिनाभर पाणी घालेल असं कुणी आहे का ओळखीत, गंगापूर रोडच्या बाजूला?