डंडे पूर्ण, पण पान उघडेना

वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या संगणकचालकाचा सकाळीच फोन आला. "भाऊ, वायफायचे डंडे तं पूर्ण दिसते, पण पान काही उघडत नाही. पोट्टे फॉर्म भरून राह्यले, उद्या शेवटची तारीख आहे." एप्रिलचा शेवटचा आठवडा. पंचायतीच्या आवारातल्या अभ्यासिकेत सात संगणक, आणि अंगण ओलांडून कार्यालयात राउटर.

आधी राउटरला लॅपटॉप केबलने जोडून पाहिला. फायबरची लाइन ठीक होती, म्हणजे दोष हवेतला, वायफायचा. मग अभ्यासिकेतल्या एका संगणकावरून राउटरला १०० पिंग, म्हणजे 'आहेस का' विचारणारे छोटे संदेश, पाठवले. १४ परत आलेच नाहीत. बाकीच्यांना ३ पासून ९०० मिलिसेकंदांपर्यंत कितीही वेळ लागत होता. जेमतेम नऊ मीटरवरच्या राउटरचं उत्तर एवढ्या उशिरा येत असेल आणि सिग्नल पूर्ण असेल, तर हवा मोकळी नाही हे समजून घ्यावं.

हवा कोण अडवत होतं ते राउटरच्या पानावर दिसलं. महिन्याभरापूर्वी गावाच्या चौकात, शाळेच्या फाटकावर आणि आवाराच्या दोन कोपऱ्यांत वायफाय कॅमेरे लागले होते. वायफायचे इथे दोन बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. चारही कॅमेरे २.४ वर, दुसरा बँड त्यांना ठाऊकच नाही. एका चॅनलवर, म्हणजे बँडमधल्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा नियम. शाळेच्या फाटकावरचा कॅमेरा लांब असल्यामुळे त्याचा वेग अगदी खाली आलेला. जवळचा संगणक जेवढा डेटा क्षणात पाठवतो, तेवढ्यासाठी हा कितीतरी पट वेळ चॅनल अडवून धरतो. चित्र तर दिवसभर चालूच. संगणकांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, एवढंच उरलं होतं.

राउटर दोन्ही बँडना एकच नाव देत होता आणि सातही संगणक २.४ वर जाऊन बसले होते. कारण साधं आहे. अभ्यासिकेत २.४ चा सिग्नल उणे ४८ डीबीएम होता, ५ चा उणे ६१ (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). तेवढ्याच अंतरावर नुसत्या वारंवारतेमुळेच ५ चा सिग्नल साधारण साडेसहा डीबी कमी पडतो, वरून भिंती. आणि वायफाय कार्ड चालवणारी बरीच जुनी सॉफ्टवेअरं, म्हणजे ड्रायव्हर, जोरदार सिग्नलकडेच झुकतात. उणे ६१ सुद्धा फॉर्म भरायला भरपूर आहे, हे त्यांना सांगावं लागतं.

सांगण्याआधी कार्डाला ५ येतं का ते पाहिलं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' (netsh wlan show drivers) दिलं की रेडिओचे प्रकार, म्हणजे ८०२.११ या वायफाय मानकाच्या आवृत्त्यांची अक्षरं, दिसतात. यादीत नुसते बी, जी, एन असतील तर बहुधा फक्त २.४, ए किंवा एसी दिसला तर ५ आहे. सातांपैकी दोन संगणकांना स्वस्तातले यूएसबी डोंगल होते, फक्त २.४ वाले. त्यांना सरळ लॅन केबल टाकली.

उरलेल्या पाचांत तीन विंडोजवर होते. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, कार्डाच्या प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड टॅब, तिथे 'प्रेफर्ड बँड' मध्ये ५ गिगाहर्ट्झ. दोन उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर, होते. तिथे कनेक्शन एडिटरमध्ये वायफायच्या टॅबवर 'बँड' ऑटोमॅटिक असतो, तो 'ए' केला. इथे लोक हमखास चुकतात. ए हे अक्षर १९९९ च्या ८०२.११ए वरून आलं, आणि ते मानक ५ गिगाहर्ट्झचं होतं. आज कार्ड एसी असो की एएक्स, उबुंटूचं नेटवर्क सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये ५ साठी अजून 'ए'च निवडायचं. 'बी/जी' म्हणजे २.४. बदल जतन करून भागत नाही. कनेक्शन तोडून पुन्हा जोडेपर्यंत संगणक जुन्याच बँडवर राहतो. जोडल्यावर चॅनल पाहायचा: ३६ किंवा त्यापुढचा असेल तर काम झालं.

राउटरचा ५ चा चॅनल ऑटोवरून काढून ३६ वर बांधला. ऑटोवर तो कधी ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर जातो, आणि तिथे रडार नाही ना हे ऐकण्यासाठी राउटरला सहसा सुरुवातीला निदान ६० सेकंद गप्प राहावं लागतं. तेवढा वेळ ५ गायब दिसतं आणि लोक कार्ड बिघडलं म्हणतात.

अकरा वाजता पाचही संगणक ५ वर होते, पिंग २ ते ४ मिलिसेकंद. पोरं फॉर्म भरू लागली.

पाऊण वाजता पुन्हा ओरड झाली. उबुंटूचे दोन्ही संगणक सुटले होते, नेटवर्क सापडत नाही म्हणत होते. विंडोजचे तिन्ही जोडलेले होते, पण सकाळसारखेच अडखळत होते. राउटर तसाच, सेटिंग तशीच. सिग्नल पाहिला तर ५ चा उणे ८१.

उन्ह चढल्यावर कूलर खिडकीत बसवला होता. अंगणाकडची ती एकच खिडकी. सकाळी ५ चा सिग्नल तिच्यातूनच आत येत होता. आता तिथे चारही बाजूंनी टिनाची पेटी, आत ओल्या ताट्या आणि तळाला पाणी. लोखंडी पत्रा सिग्नल परतवतो, पाणी शोषतं, आणि बाजूची विटांची भिंत जाड. २.४ त्यातूनही तग धरून होतं.

पसंती आणि सक्ती यांतला फरक इतका स्वच्छ क्वचितच दिसतो. विंडोजचा 'प्रेफर्ड बँड' ही पसंती आहे. ५ दुबळं झालं तसे ते संगणक मुकाट्याने २.४ वर परतले आणि पुन्हा कॅमेऱ्यांच्या गर्दीत सापडले. उबुंटूचा 'ए' ही सक्ती आहे. ५ नाही तर काहीच नाही. सुटलेला संगणक निदान काय बिघडलं ते सांगतो. परतलेला संगणक मात्र नेट चालू दाखवत अर्ज बुडवतो, म्हणून मला तोच जास्त धोक्याचा वाटतो.

कूलर काढा म्हणणं शक्य नव्हतं, ४४ अंशांत पोरं बसणार कशी? राउटरच हलवला. दहा मीटर लॅन केबल टाकून तो कार्यालयाच्या ओसरीत, अभ्यासिकेच्या दारासमोर, अडीच मीटर उंचीवर लावला. दार दिवसभर उघडंच असतं आणि त्याच्यावर झरोकाही आहे. कूलर चालू ठेवून मोजलं: उणे ५८. दार लावून पाहिलं: उणे ६३, दार लाकडी आहे म्हणून. टिनाचं असतं तर दुसरी जागा शोधावी लागली असती.

दोन बँडना वेगळी नावंही दिली. जुनं नाव २.४ कडेच ठेवलं, नाहीतर चारही कॅमेरे शिडी लावून पुन्हा जोडावे लागले असते. नवं नाव ५ ला दिलं आणि विंडोजच्या संगणकांतून जुनं नाव 'फर्गेट' केलं, म्हणजे परतायची वाटच उरली नाही. नव्या नावापुढे '५जी' लिहायचं मात्र टाळलं. एका पोराने विचारलंच होतं, "आपल्या गावात ५जीचा टॉवर नाही, मंग हे काऊन दिसून राह्यलं?" त्याचा मोबाइलच्या टॉवरशी संबंध नाही, हे सांगितल्यावर नाव 'अभ्यासिका' ठेवलं.

चालकाचा स्वतःचा लॅपटॉप तेवढा ऑटोवर सोडला. तो शिबिरासाठी शाळेत जातो आणि तिथे फक्त २.४ आहे.